कारखान्याचा ‘पर्यावरण ग्रुप’: फोटो कमी, दुरुस्ती जास्त

५ जूनला, पर्यावरण दिनी, कारखान्याच्या गेटाशी रोप, फावडं, मॅनेजरसाहेब आणि मागे बॅनर असा फोटो निघतो. पाच मिनिटांत तो कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. खान्देशात तेव्हा पारा चाळिशीच्या आसपासच असतो, पेरणीजोगा पाऊस बहुतेक वेळा जूनच्या उत्तरार्धात येतो. रोप आठवडाभरात करपतं, आणि पहिल्या पाळीला गेटातून आत येणारा प्रत्येक जण ते रोज बघतो. कंपनीची पर्यावरणाची मूल्यं काय आहेत हे त्याला तिथेच कळतं. (झाडं लावायचीच असतील तर दोन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैत लावा. मे महिन्यात दोन-दोन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्या, आणि पुढची दोन वर्षं पाणी कोण घालणार ते नाव आधी ठरवा.)

ग्रुपवर कामगार बोलता होतो तो एकाच कारणाने: त्याने नळ गळतोय असं लिहिलं, आणि नळ दुरुस्त झाला. पर्यावरण ग्रुप चालवायची खालची सगळी रीत याच एका गोष्टीसाठी आहे. ती शंभर ते तीनशे माणसांच्या युनिटसाठी मांडली आहे. डाळ मिल, प्लास्टिकची चटई, पाइप, जिनिंग, काहीही असो, मोजण्याचं एकक तेवढं बदलतं.

आधी आकडे, मग ग्रुप

ग्रुप उघडायच्या आधी चार आठवडे नुसतं मोजा. तीन गोष्टी पुरेत: वीज, पाणी, कचरा. रोज सकाळी सातला, पाळी बदलताना, वॉचमन किंवा इलेक्ट्रिशियनने मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. पाण्याला मीटर नसेल तर बोअरच्या आणि एमआयडीसीच्या लाइनवर एकेक बसवून घ्या. टँकर येत असेल तर टँकर मोजा.

नुसते युनिट सांगून काही कळत नाही. ऑर्डर वाढली की वीज वाढणारच. म्हणून डाळ मिलमध्ये क्विंटलमागे युनिट, चटई आणि पाइपमध्ये किलोमागे युनिट, जिनिंगमध्ये १७० किलोच्या गठाणीमागे युनिट, असा हिशेब धरा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. एप्रिल-मेमध्ये कूलर चालतात, पाणी जास्त लागतं. मार्चशी तुलना केली की लोकांनी उगाच उधळपट्टी केली असं दिसतं, आणि पहिल्याच महिन्यात त्यांचा हिरमोड होतो.

कचऱ्याचे प्रकार वेगळे धरा. एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून साच्यातून ढकलणारं मशीन) सुरू करताना पडणारा लोंदा, कडांची कात्रण, पॅकिंगची पिशवी हे सगळं ‘भंगार’ म्हणून एकाच काट्यावर गेलं तर नेमकं कुठे चुकतंय ते सापडत नाही. डाळ मिलमध्ये चुनी आणि फोलपट कचऱ्यात धरू नका, ते विकलं जातं. तिथे मोजायची ती फुटलेली डाळ, सांडलेला माल आणि फाटलेली पोती.

ग्रुपची मांडणी

वेगळं ॲप घेऊ नका. ऑफिसातले सहा जण ते उघडतील आणि शेडमधलं कोणीच उघडणार नाही. ईमेलचीही तीच गत. व्हॉट्सॲपवरच ‘कम्युनिटी’ बनवा. त्यात दोन भाग ठेवा: एक सूचनांचा, जिथे फक्त ॲडमिन लिहितात, आणि एक तक्रार-दुरुस्तीचा, जिथे सगळे लिहितात. सूचनांच्या भागात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बायकांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. दुसऱ्या भागात नंबर दिसतात, म्हणून तिथे कोणालाही परस्पर घालू नका. ज्याला यायचं तो येईल. प्रवेशाच्या वेळी एका कागदावर मराठीत आणि हिंदीत लिहून घ्या की नंबर कशासाठी वापरला जाईल आणि नोकरी सोडल्यावर काढून टाकला जाईल. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे.

ग्रुप कंपनीच्या सिमवरून उघडा. एचआरच्या खासगी नंबरवर उघडला तर तो माणूस नोकरी सोडताना ग्रुपही बरोबर जातो. ॲडमिन तीन: एचआरचा एक, मेंटेनन्सचा एक, आणि शेडमधला एक असा की ज्याला लोक हक्काने ‘अप्पा’ किंवा ‘नाना’ म्हणून हाक मारतात. हा तिसरा नसेल तर ग्रुप ऑफिसचाच राहतो.

सगळ्यात जास्त वेळा सुटतात ते ठेकेदाराचे कामगार. लोडिंग, पॅकिंग, सफाई ही कामं तेच करतात, आणि नळ, दिवे, कचरा यांच्याशी रोजचा संबंधही त्यांचाच येतो. त्यांना ‘आपले नाहीत’ म्हणून बाहेर ठेवलं तर निम्मी गळती ग्रुपपर्यंत पोचतच नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी गेटावर एक फळा लावा आणि मुकादमाला सांगून ठेवा. फळ्यावर लिहिलेलं दर पाळीला कोणीतरी ग्रुपवर चढवायचं.

भाषेची अट घालू नका. लिहायचा कंटाळा येतो, पण वीस सेकंदांची व्हॉइस नोट कोणीही पाठवतो. ‘भाऊ, शेडमा कोनी नही, पंखा चालूच शेतस’ एवढं अहिराणीत आलं तरी काम झालं. शुद्ध मराठीत लिहा असं सांगितलेल्या ग्रुपवर सुपरवायझरच बोलतात.

शेडमध्ये मोबाइलला बंदी असेल तर ती ग्रुपसाठी मोडायची नाही. चालत्या मशीनजवळ फोन काढायचा नाही, जिनिंगमध्ये रुईच्या ढिगाजवळ तर मुळीच नाही. त्याऐवजी लाल पुठ्ठ्याच्या नंबर घातलेल्या चिठ्ठ्या ठेवा. ज्याला गळती दिसली त्याने तिथे चिठ्ठी बांधायची, पाळी संपताना सुपरवायझरने फोटो काढून टाकायचा. चिठ्ठीवर तक्रार करणाऱ्याचं नाव असू द्या, नाहीतर श्रेय फोटो काढणाऱ्याला जातं.

तक्रार ते दुरुस्ती

तक्रारीत तीन गोष्टी हव्यात: कुठे, काय, कधीपासून. उत्तरंही तीनच: मिळालं, कोण कधी करणार, झालं. यातलं मधलं उत्तर लोक गाळतात, आणि नेमकं तिथेच सगळं ढिलं पडतं. एक नमुना:

‘शेड २, एक्स्ट्रुडर ४ च्या मागं एअर पाइपातून फुस्स आवाज येतो. कालपासून.’
‘मिळालं. तक्रार १७. आज दुसऱ्या पाळीत फिटर बघतील, पार्ट स्टोअरमध्ये आहे.’
‘१७ झाली. कपलिंगचं वॉशर गेलं होतं, बदललं. फोटो खाली.’

पोच त्याच पाळीत द्यायची. दोन दिवसांत निर्णय द्यायचा, मग तो ‘आत्ता होणार नाही’ असा असला तरी चालेल, पण कारण सांगून. ‘पंप बदलायला पुढच्या शटडाउनची वाट बघावी लागेल, तोवर रात्री वॉल्व बंद ठेवू’ हे उत्तर लोकांना पटतं. गप्प राहिलेलं पटत नाही. म्हणून ग्रुप उघडायच्या आधी मेंटेनन्सकडे वॉशर, बॉलकॉक, टेफ्लॉन टेप, होज क्लिप, एलईडी ट्यूब असा थोडा साठा आणि दरमहा ठरावीक रकमेपर्यंत परस्पर खर्च करायची मोकळीक द्या. दोनशे रुपयांच्या वॉशरसाठी तीन सह्या लागत असतील तर ग्रुप उघडूच नका.

सुरुवात कॉम्प्रेस्ड एअरपासून, म्हणजे कंप्रेसरने दाबलेल्या हवेपासून करा, कारण तिथे पैसा जाताना दिसत नाही आणि बराच जातो. सात बार प्रेशरवर ३ मिलिमीटरच्या भोकातून जाणारी हवा भरून काढायला कंप्रेसरची साधारण ३ ते ४ किलोवॅट वीज लागते. ३ धरली तरी चोवीस तासांत ७२ युनिट. दर नऊ रुपये धरला तर दिवसाला ६४८ रुपये. तुमचा दर बिलावरून घ्या आणि हा गुणाकार ग्रुपवर उघड मांडा. तक्रार १७ ची किंमत लोकांना त्यातून कळते.

एकूण गळती किती ते साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मोजा. सगळी मशीनं बंद, कंप्रेसर चालू. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) असतो आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता), हे घड्याळ लावून पाच वेळा टिपा. लोडची वेळ भागिले लोड अधिक अनलोडची वेळ, गुणिले शंभर, म्हणजे गळतीची टक्केवारी. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड आली तर गळती २५ टक्के. दहाच्या आत असेल तर चांगलं म्हणायचं. व्हीएफडी (गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणाऱ्या) कंप्रेसरला ही रीत लागू पडत नाही, त्याचं वीजमीटरच बघावं लागतं. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जोड न जोड तपासायचा. बुडबुडा आला की लाल चिठ्ठी.

गळती राहिली की आणखी एक भानगड होते. शेवटच्या मशीनला प्रेशर पुरत नाही, मग कोणीतरी कंप्रेसरची सेटिंग वाढवतो. एक बार वाढवला की वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते आणि त्याच भोकातून हवाही जास्त जाते. दुरुस्तीनंतर सेटिंग खाली आणायला विसरलात तर बिलात फरक दिसत नाही, आणि ग्रुपवर ‘एवढं करून काय झालं?’ असा प्रश्न येतो.

पाण्याचं मोजमाप सोपं. गळत्या नळाखाली लिटरची बाटली ठेवायची. दहा मिनिटांत भरली तर दिवसाला १४४ लिटर. आरओचं वाया जाणारं पाणी टाकीत घेऊन संडासाला आणि फरशी पुसायला वापरा. बागेला घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी आधीच जड, आरओतून बाहेर पडतं ते त्याहून खारट, महिन्या-दोन महिन्यांत पानांच्या कडा जळतात.

काय टाकायचं, आणि मे महिन्यात काय टाकायचं नाही

सूचनांच्या भागात आठवड्याला दोन मेसेज बास. सोमवारी आकडे, गुरुवारी एका दुरुस्तीचा आधीचा-नंतरचा फोटो. सोमवारचा मेसेज असा असावा:

‘मागचा आठवडा: किलोमागे ०.६२ युनिट, मागच्या वर्षी याच आठवड्यात ०.६६. तक्रारी ९, झाल्या ७. राहिलेल्या दोन: शेड १ चा पत्रा (पावसाआधी), बोअरचा वॉल्व (शुक्रवारी).’

राहिलेल्या कामांची ओळ कधीही गाळू नका. सगळं छान चाललंय असं सांगणाऱ्या मेसेजवर कोणाचा विश्वास बसत नाही. वेळ पाळी बदलण्याची, दुपारी अडीच ते सव्वातीन. सकाळी दहाला पाठवला की रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाचा फोन वाजतो आणि तो ग्रुप म्यूट करतो. म्यूट झालेला ग्रुप परत उघडत नाही.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या वर जातो. त्या दिवसांत ‘कूलर कमी वापरा, पाणी जपून प्या’ छापाचा मेसेज टाकलात तर सहा महिन्यांची मेहनत एका दुपारी गेली. माणसाच्या सोयीतून बचत करायची नाही, मशीनच्या गळतीतून करायची. उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रुपवर विचारा: कोणत्या कूलरचा बॉलकॉक अडकतो, कोणाचं गवत बदलायचं आहे, पत्र्याला पांढरा रंग कुठे लावायचा, पिण्याचं पाणी कुठे गरम येतं. ही कामं झाली तर शेडही थंड राहते आणि पाणीही वाचतं. उन्हाळ्यातल्या एवढ्या कामावर ग्रुप वर्षभर चालतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि कानबाईच्या रोटांच्या सणाला खान्देशात हजेरी कमी असते, तेव्हा नवीन काही सुरू करू नका.

बक्षीस

‘सर्वात जास्त तक्रारी करणारा’ असं बक्षीस ठेवलं की आठवडाभरात एकाच नळाचे सात फोटो येतात. बक्षीस पूर्ण झालेल्या दुरुस्तीला द्या, आणि दोघांना द्या: सांगणाऱ्याला आणि करणाऱ्याला. फिटरचं नाव कोणी घेत नाही, म्हणून तो तक्रारींकडे डोक्याला ताप म्हणून बघतो. नाव घेतलं की तो स्वतः लाल चिठ्ठ्या शोधत फिरतो.

वाचलेल्या पैशाचा ठरावीक वाटा, समजा दहा टक्के, कामगारांच्या सोयीसाठी ठेवा आणि कशावर खर्च करायचा ते पोलवर विचारा. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बारा पर्याय देता येतात, पण तीन-चारच द्या, आणि जे निवडून येईल ते खरंच करा. व्याख्यानाला वक्ता बोलावण्यापेक्षा तोच पैसा बसभाड्याला घालून साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला सहल न्या. तिथल्या लोकांनी जंगल राखायचे नियम स्वतः ठरवले आणि दंडही स्वतःच ठरवला. त्या कामाचे धुरीण चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पावसाळ्यात वनभाजी महोत्सवाच्या वेळी गेलात तर घरच्यांनाही नेता येतं.

बाहेर पोस्ट टाकताना

लिंक्डइन किंवा इन्स्टाग्रामवर जाणाऱ्या मजकुराला वेगळा नियम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फसव्या पर्यावरणीय दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘शाश्वत’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. चटई आणि पाइपवाल्यांची हमखास होणारी चूक म्हणजे आपल्याच मशीनचं कात्रण दळून परत त्याच मशीनमध्ये घालायचं आणि मालावर ‘रिसायकल्ड’ लिहायचं. आयएसओ १४०२१ प्रमाणे त्याच प्रक्रियेत परत गेलेला घरचा दाणा रिसायकल्ड मालात धरत नाहीत. काम चांगलंच आहे. ‘कात्रण बाहेर जाऊ देत नाही’ असं लिहा.

कार्बनचा आकडा द्यायचा असेल तर ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आणि डिझेलच्या लिटरमागे साधारण २.७ किलो धरा, आणि कसा काढला ते खाली लिहा. ‘इतकी झाडं लावल्यासारखं’ असली रूपांतरं टाळा, कोणी विचारलं तर सिद्ध करता येत नाहीत. तुमचा माल मोठ्या शेअर बाजारी कंपनीला जात असेल तर आज ना उद्या ती तुमच्याकडे वीज-पाण्याचे आकडे मागेल. सेबीने मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला आहे. तिथे दिलेला आकडा आणि पोस्टमधला आकडा एकच हवा.

फोटो टाकण्याआधी मोठा करून कोपरे बघा. मागे ग्राहकाच्या नावाची पेटी, गळ्यातलं ओळखपत्र, गाडीचा नंबर, आणि सर्वात वाईट म्हणजे हेल्मेट न घातलेला माणूस. ज्याचा चेहरा दिसतो त्याची लेखी संमती हवी. कामगारांना त्यांच्या खासगी अकाउंटवरून कंपनीची पोस्ट शेअर करायला लावू नका. हजेरीसारखी त्याची यादी ठेवणं तर सरळ बंद करा.

कुठे बिघडतं

‘पंखा कोणी चालू ठेवला?’ हा एक प्रश्न ग्रुप मारायला पुरतो. दंड तर लांबच. तक्रार जागेची आणि मशीनची, माणसाची नाही, हे पहिल्या दिवशी सांगा आणि मॅनेजरलाही सांगा. सुपरवायझरला वाटतं आपल्या डिपार्टमेंटची बदनामी होते. त्याला दिलासा एवढाच की महिनाअखेरीला तक्रारींची संख्या कोणी विचारणार नाही, सात दिवसांवर लोंबकळलेल्या किती ते विचारलं जाईल.

पगार, ओव्हरटाइम, रजा यांच्या तक्रारी येणारच. पुसून टाकू नका. ‘हे इथे सुटणार नाही, उद्या अकराला ऑफिसात या’ असं लिहा आणि अकराला तिथे हजर राहा. छेडछाडीची तक्रार ग्रुपवर आली तर चर्चा तिथेच थांबवून ती अंतर्गत समितीकडे द्या. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ही समिती बंधनकारक आहे. राजकीय आणि जातीधर्माचे फॉरवर्ड ॲडमिनने पहिल्या दहा मिनिटांत काढावेत. सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे, पण शेडमधली भांडणं कोर्ट सोडवायला येत नाही.

ग्रुप चालतो की नाही ते अंगठे मोजून कळत नाही. दरमहा दोन आकडे काढा: किती वेगवेगळ्या माणसांनी तक्रार केली, आणि तक्रार मिटायला सरासरी किती दिवस लागले. तीच चार नावं येत असतील तर शेड अजून उघडली नाही. तक्रारी एकदम कमी झाल्या तर आनंद मानायच्या आधी साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन शेडमध्ये एक चक्कर मारा. पहिल्या दहा मिनिटांत बुडबुडा दिसला आणि ग्रुपवर त्याचा पत्ता नसेल, तर ग्रुपवर मागे जाऊन उत्तर न मिळालेल्या तक्रारी शोधा, त्या मिटवा, आणि ज्यांनी त्या केल्या होत्या त्यांना शेडमध्ये जाऊन तोंडी सांगा.